भैयासाहेबांचा चिंचेचा नाका

सर्व भूतांचा जो एकच नेत्र, त्या भगवान सूर्यनारायणास, आणि ज्याच्या पायांशी चार श्वान निर्भयपणे बसतात त्या श्रीदत्तगुरूंस वंदन करून हा वृत्तांत लिहावयास घेतला आहे. गेल्या मार्गशीर्षात वऱ्हाडात जाणे घडले. निमित्त दत्तजयंतीचे होते. निदान घरून निघताना मी तरी तसेच समजत होतो. आमच्या कृष्णाकाठच्या मंडळींपैकी फारच थोड्यांनी तो प्रांत पाहिला आहे. आता आपण सारे एका राज्याचे झालो, त्यासही अजून वर्ष पुरे झालेले नाही. तेव्हा आपल्याच घराची ही दूरची खोली कशी आहे ते सांगावे, हा एक हेतू. दुसरा हेतू असा की तेथे माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापूर्वी आपणच सांगितलेली बरी.

बोलावणे श्रीधराचे होते. बेचाळीस वर्षांपूर्वी तो आमच्या पाठशाळेत तीन वर्षे वेदाध्ययनास होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हाऱ्यापलीकडे त्याचे वतनाचे गाव. वडील निवर्तले म्हणून अध्ययन अर्धवट टाकून तो परत गेला, आणि पुढे तिकडचा नामांकित शिकारी झाला, असे कानी येत असे. गाव त्याला भैयासाहेब म्हणते. मांस तो स्वतः शिवत नाही. रानडुकरांपासून पिके राखावी म्हणून त्याने बंदूक धरली. चार वर्षांमागे काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले. पत्र त्याच्या पत्नीच्या, यमुनाबाईंच्या अक्षरात होते : 'दत्तजयंतीस यावे. एका कामात आपल्यावाचून दुसरा माणूस नाही.' मला वाटले, पारायण असेल.

अमरावती

इतक्या दूर जायचे तर आधी अंबादेवीचे दर्शन घ्यावे म्हणून प्रथम अमरावतीस उतरलो. देवळाबाहेर माळी मंडळींची फुलांची दुकाने ओळीने मांडलेली असतात. शेवंतीचे ते ढीग पाहत मी जरा रेंगाळलो, तोच एक वृद्ध माळीण करड्या आवाजात म्हणाली, "काहून पाहून राहिले नुसते, बुवा? घ्यायचे असंन त घ्या, नाई त सरका. मांगं मानसं उभी हायेत."

आमच्याकडे एखाद्यास दूर सारायचे तर आधी त्याच्या प्रकृतीची चौकशी होते. मी ओशाळून हार घेतला. दर्शन करून परतलो तर त्याच बाईने हाक मारून एक संत्रे माझ्या हाती ठेवले. "तोंड सुकून गेलं तुमचं. उपास असंन. देवीचंच समजा." मी पैसे काढू लागलो तर पुन्हा रागावली. ह्या प्रांताच्या बोलीवर आधी कवच असते आणि आत रस असतो, हे मला त्या फळानेच शिकविले. पुढे त्याचा प्रत्यय पदोपदी आला.

तेल्हाऱ्याची वाट

अकोल्याहून तेल्हाऱ्यापर्यंत मोटार आहे. काळी भूमी, वेचणीला आलेली कपाशी, शेतोशेती पांढरे शुभ्र बोंड, आणि उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ. आमच्याकडे डोंगर अंगावर येतात. येथे तो दिवसभर दिसतो आणि जवळ मात्र येत नाही.

मोटारतळावर बैलबंडी घेऊन तुळशीराम माळी आला होता. भैयासाहेबांच्या मळ्यात वांगी, मिरच्या पिकवणारा आणि तीस वर्षे त्यांच्याबरोबर रान तुडवणारा हा सोबती. त्याने मला नखशिखान्त न्याहाळले.

"तुमीच भैयासायबाचे गुरुजी?"

"होय."

"मले वाटलं, लय मोठा मानूस उतरंन. ज्याच्या नावानं भैयासायेब अजून कान धरतात, तो मुठीएवढा निंगाला!"

असे म्हणून त्याने माझी वळकटी उचलली आणि माझ्यासाठी बंडीत अंथरलेल्या कडब्यावर स्वतःचे नवे घोंगडे घातले.

गावात पोचलो तेव्हा श्रीधर फाटकापाशी उभा होता. केस पांढरे झालेले, खांदे तसेच रुंद. मी अद्याप एक शब्द बोललो नव्हतो, तोच तो वाकला व नेमका माझ्या पायांवर त्याचा हात आला. "उजवा पाय अजून घासूनच टाकता, गुरुजी," तो म्हणाला.

फाटकाशी एक कडुनिंब आहे. त्याच्या खालच्या फांदीला लोखंडी आकडा टांगलेला दिसला. मी सहज विचारले, तर श्रीधर तसाच ओसरीकडे वळला. यमुनाबाई मात्र, हातपाय धुवायला पाणी देताना, हळूच म्हणाल्या, "तोच तर आमच्या घरचा काटा हाये, गुरुजी. जेवण झाल्यावर सांगतीन ते."

त्रयोदशी

जेवणानंतर जे कळले ते असे. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गाव रानात हाका घालते. माणसे ओळीने डबे वाजवीत, ओरडत निघतात. पिकांत दडलेली डुकरे उठून डोंगराकडे पळतात. आणि त्यांच्या पळण्याच्या वाटांवर एकेक बंदूकवाला बसतो. त्या जागेस नाका म्हणतात. नाल्याकाठच्या चिंचेचा नाका भैयासाहेबांच्या घराण्याचा. ज्याच्या बाराने जनावर पडते त्याच्या दारी मानाचा वाटा पळसाच्या पानांत बांधून जातो; तो माणूस खात नसेल तर पुढे कोणास द्यायचा ते त्याने ठरवायचे. निंबाचा आकडा त्यासाठी. आणि नाक्यावरून ज्याचा नेम चुकतो त्याला सारा गाव दिवसभर टोमणे मारतो, व त्याने गावाला रानात रोडग्यांचे जेवण घालायचे.

श्रीधराचे डोळे गेल्यावर पहिली तीन वर्षे तो नाका रिकामा राहिला. गावाने चिंचेखाली त्याचा पटका ठेवावा आणि वाटा मात्र आकड्याला आणून बांधावा. माया म्हणून. "वाटा आला का दोन दोन दिवस जेवत नाईत हे," यमुनाबाई म्हणाल्या. "मी तो तुळशीरामाच्या घरी धाडून देते. आकडा काढतो म्हटलं, तर काढू बी देत नाईत."

गेल्या वर्षी श्रीधराने हट्टाने स्वतः नाक्यावर बसायचे ठरविले. जमिनीत रोवलेल्या बाभळीच्या बेचकीवर बंदूक टेकवायची, मागे तुळशीरामाने बसून कानात दिशा सांगायची. डुक्कर आले, बार निघाला, आणि गावाने जयघोष केला की भैयासाहेबांनी लोळविले.

"एक बार माझ्या बंदुकीचा," श्रीधर शांतपणे म्हणाला. "दुसरा मांगून, चिंचेवरून. तिथं या तुळशाच्या पोराले बसवलं होतं. दोन आवाज झाले, गुरुजी, अन् गाव म्हनते एकच झाला. आंधळा झालो मी. बहिरा नाई झालो."

तुळशीराम ओसरीच्या पायरीवर बसला होता. त्याची मान खाली गेली. "मले वाटलं, तुमाले बरं वाटंन."

"तुळशा, तू इतका गोड मानूस हायेस का मी मेल्यावर बी म्हनशीन, भैयासायेब श्वास घेऊन राहिले." मग माझ्याकडे मुख वळवून श्रीधर म्हणाला, "यंदा पाटील म्हनतात, नाका आमच्या पुतन्याले द्या. त्याइचंही बरोबर हाये. पटका ठेवून नाका राखला जात नाई. डुकरं तिथूनच निसटतात अन् लोकाइचा हरभरा खाऊन जातात. मले एकदा बसायचं हाये. पन माझे डोळे म्हनून असा मानूस पाहिजे, जो मले बरं वाटावं म्हनून खोटं बोलनार नाई. माझ्या ओळखीत असा एकच हाये."

त्या 'एका'च्या लक्षात आता आले की पारायण नव्हते. मी आयुष्यात मुंगीस चुकवून पाऊल टाकलेला मनुष्य. मी म्हणालो, "श्रीधरा, हे तू मला काय मागतो आहेस? शब्दाच्या रोखाने बाण सोडल्यावर काय अनर्थ होतो, ते तू माझ्याच तोंडून ऐकले आहेस."

"म्हनूनच त डोळे मांगून राहिलो. नुसत्या आवाजावर मी बार काढत नाई. हाक्यात मानसं असतात. समोर मानूस नाई, एवढं पाहायले तरी खरा डोळा पाहिजे. मले डुक्कर नको, गुरुजी. लागलं त लागलं म्हना, चुकलं त चुकलं म्हना. मंग पाटलाले नाका देऊन टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानसंध्या आटोपून मळ्याच्या धुऱ्याने, म्हणजे बांधाने, फिरून आलो. डुकरांनी एका विधवेचा हरभरा रात्रीतून उकरून टाकला होता. ती कोवळी रोपे मुळांसकट हातात धरून बसली होती. परत येऊन मी श्रीधरास म्हटले, "पिलांच्या आईवर नेम धरायचा नाही. 'मार' हा शब्द मी उच्चारणार नाही. आणि जे दिसेल ते, कोणास आवडो न आवडो, सांगेन." त्याने माझ्या पायांस हात लावला.

चतुर्दशी

सराव मळ्यामागच्या बांधावर झाला. तुळशीरामाने जुनी मडकी मांडली. श्रीधर जमिनीवर बसला, बेचकीवर बंदूक, दस्त्यावर गाल. मी मागे, नळीच्या रेषेत. मी सुरुवात केली : "श्रीधरा, किंचित् ईशान्येस, आणि अल्पसे अधोमुख..."

तुळशीराम पोट धरून हसू लागला. "गुरुजी, इतकं बोलेपर्यंत डुक्कर मध्यप्रदेशात पोचते!"

'डावीकडे', 'उजवीकडे' म्हणून पाहिले, तरी माझा आवाज शेतापलीकडून ऐकू जाई. पाठशाळेचा कंठ कुजबुजण्यास घडलेलाच नाही. श्रीधर म्हणाला, "गेल्या साली बी हेच. तुळशा बोलला का जनावराचे कान उभे राहत." दुपारपर्यंत एकही मडके फुटले नाही. मनातून मला हलके वाटले, हे लपवीत नाही. पण श्रीधर ज्या तऱ्हेने पुन्हा पुन्हा बंदूक पुसत होता, ते पाहवेना.

सायंकाळी संध्येनंतर तो लहानपणीचे एक सूक्त म्हणू लागला. मी डोळे मिटून ऐकत होतो. एका ठिकाणी स्वर ढळला. आणि बेचाळीस वर्षांची सवय जागी झाली : माझा हात आपसूक पुढे जाऊन त्याच्या मस्तकावर पडला, आणि मी ते खाली दाबले.

आमच्या पाठशाळेची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नव्या विद्यार्थ्यास स्वर शिकविताना गुरू त्याच्या मस्तकावर हात ठेवतो आणि स्वरानुसार ते फिरवितो : अनुदात्ताला खाली, स्वरिताला वर, कोठे जरासे बाजूस, आणि जेथे थांबायचे तेथे स्थिर. तोंडाने काही सांगायचे नाही. काही महिन्यांनी मुलाची मान हाताच्या आधी वळू लागते. सूक्त निर्दोष झाले की मी हात उचलतो, डोळे मिटतो, आणि त्या मुलासाठी देवाचे नाव घेतो. हात उचलला याचा अर्थ, आता तू आपला आपण म्हण.

माझ्या हाताखाली श्रीधराची मान वळली. पोरवयात वळे तितकीच सहज. सूक्त थांबले.

"गुरुजी," तो म्हणाला, "गाल बंदुकीवर असला का डोईमांगं नळी फिरते."

यमुनाबाई समई सारखी करीत होत्या. त्या म्हणाल्या, "अजून उजेड हाये. मडकी तिथंच हायेत."

आम्ही तसेच उठलो. खाली, जरा उजवीकडे, थोडे वर, स्थिर. मी हात उचलला. बार झाला, आणि मडक्याचे तुकडे बांधावर उडाले. पाचांपैकी तीन मडकी त्या सांजवेळी फुटली. तुळशीराम दर वेळी 'लागली' म्हणण्याआधी माझ्या तोंडाकडे पाही आणि मी होकार दिला म्हणजेच ओरडे. यमुनाबाई माझ्या शेजारी उभ्या राहून माझा हात बारकाईने पाहत होत्या. त्या का पाहतात, हे मला तेव्हा उमगले नाही.

पौर्णिमेस दत्तजन्म झाला. पाळणा, सुंठवडा, आरती. प्रसाद घेऊन जाताना पाटील पायरीवर थबकले आणि म्हणाले, "मंग सकाळी बसता म्हना, भैयासायेब?"

"बसतो."

"बसा. पन यंदा चिंचेवर कोनी नाई बसनार, हे मी पाहतो." पाटलांनाही सारे ठाऊक होते तर.

हाका

प्रतिपदेच्या पहाटे नाल्यावर धुके होते. तुरीच्या फुलांचा आणि ओल्या मातीचा वास. श्रीधर चिंचेखाली आपल्या जागी बसला, आणि बसण्यापूर्वी त्याने त्या झाडाच्या बुंध्यावरून एकदा हात फिरविला. मागे मुळीवर मी. तुळशीराम शंभर पावलांवर बाभळीखाली, रिकाम्या हाताने. समोर नाल्याचे पात्र, पलीकडे उंच मातीचा काठ. तेथे मनुष्य येणे शक्य नव्हते. ते मी तीन वेळा पाहून घेतले.

दूर डबे वाजू लागले. "हाऽऽ हाऽऽ" असा घोष दाटत आला. मला काही दिसण्याआधीच श्रीधर पुटपुटे, "मोर... कोल्हा, एकटाच..." आणि क्षणाने ते ते जनावर तुरीतून खरोखर बाहेर पडे. डोळे माझे होते, पण रान त्याला आधी कळत होते.

मग त्याचे अंग ताठ झाले. तुरीतून एक डुकरीण निघाली. मागे पाच पट्टेरी पिले, एकमेकांस ढकलीत. मी त्याचे मस्तक घट्ट धरून ठेवले. त्याने बोट चापावरून काढले. ती सारी वरात नाल्यातून पार झाली.

आणि मग तो आला. पाठीवर वाळलेला चिखल, वाकडे पांढरे सुळे, वासरासारखा थोर. उघड्यावर येऊन थबकला. मी मनात इष्टदेवतेचे स्मरण केले. खाली. उजवीकडे. अजून थोडे. श्रीधराची मान माझ्या बोटांच्या आधी वळत होती. स्थिर. नळी, वराह आणि त्यामागचा मातीचा काठ एका रेषेत आले. मध्ये कोणी नाही. ह्यापुढे माझ्याकडे एकच कर्म उरले होते.

मी हात उचलला.

बाराचा आवाज नाल्यातून घुमत गेला. मी पाहिले, तर पलीकडच्या काठावर धूळ उडाली होती आणि तो वराह, डोके खाली घालून, उडी मारून वर चढत होता. वर चढून तो डोंगराच्या दिशेने धावत गेला.

"लागली! लागली वो भैयासायेब!" बाभळीखालून तुळशीरामाने सवयीने आरोळी ठोकली. हाक्याची माणसेही तिकडून ओरडू लागली, "पडलं! पडलं!"

श्रीधराने तिकडे मुख वळविले नाही. बंदूक खाली ठेवून तो माझ्याकडे वळला. "गुरुजी?"

त्याच्या मुद्रेवर जे होते ते पाहून, सत्य बोलणे हे किती कठीण कर्म असू शकते, ते ह्या वयात मला कळले.

"चुकलास, श्रीधरा," मी म्हणालो. "वीतभर वरून गेली. डुक्कर निघून गेले."

"तुमचा हात हालला?"

"नाही. पण दोष माझाच आहे. हात उचलला आणि मी डोळे मिटले."

"डोळे मिटले? तुमी?"

"पाठशाळेत मिटतो तसे. मडकी जागची हालत नाहीत, म्हणून परवा ते लक्षात आले नाही. तेवढ्यात त्याने मान खाली घातली असावी. मी पाहत असतो तर पुन्हा हात ठेवला असता. समोर मनुष्य आला असता तरीही मला दिसले नसते. ह्याचे मला फार वाईट वाटते."

"मुद्दाम?" त्याने विचारले. तेवढ्या एका शब्दात चार वर्षे होती.

मी आपले मन तपासून पाहिले. "मुद्दाम नाही. पण ते वाचले, याचा मला खेद होत नाही, हेही खरे."

श्रीधराने दीर्घ श्वास सोडला. "हे चालते," तो म्हणाला.

एव्हाना पाटील आणि हाक्याची मंडळी नाल्यात उतरून आली होती. काठावरचा गोळीचा खड्डा सर्वांनी पाहिला. रक्ताचा थेंब नाही. सारे एकमेकांकडे पाहू लागले. दृष्टी गेलेल्या मनुष्यास टोमणा कोण मारणार? तुळशीराम कावराबावरा होऊन म्हणाला, "घासून त गेलीच असंन..."

"चुकली," श्रीधर मोठ्याने म्हणाला. "वीतभर वरून. गुरुजीनं पाह्यलं. म्हंजे त्याच्या आधी अन् मांगून पाह्यलं. मधात डोळे मिटले होते."

पाटलांनी क्षणभर त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काय हो भैयासायेब! डुकराले नुसता नमस्कार करायले बसले होते का?"

बांध फुटावा तसा हशा फुटला. "गुरुजीनं आशीर्वाद देऊन पाठवलं त्याले!" "आता वर्षभर लोकाइचा हरभरा खाईन, शतायुषी होऊन!" "अबे, एकाले दिसत नाई, अन् ज्याले दिसते तो ध्यान लावून बसते!" श्रीधर हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि ते पुसण्याचेही त्याला भान नव्हते. चार वर्षे ज्या गावाने त्याला फुलासारखे झेलले, त्या गावाने आज त्याला खाली टाकले होते, आणि त्या आपटण्याने तो सुखावला होता.

"नाका कोनाचा, पाटील?" त्याने विचारले.

"ज्यानं बार काढला त्याचा. चुकला त चुकला. पन रोडगे लागतीन. दोघाइनंही द्या लागतीन!"

रोडगे

तेव्हा दंड भरला. जाडसर कणकेचे गोळे एकात एक घालून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात, फोडून वर तूप ओततात, आणि तुळशीरामाच्या मळ्यातल्या वांग्यांची झणझणीत भाजी व वरण यांच्याशी खातात. आमच्याकडच्या पुरणावरणाच्या पंक्तीत जे सुख नाही ते त्या राखेत भाजलेल्या अन्नात मिळाले. मी एका बाजूस शेणाने सारवून माझी वेगळी चूल मांडली आणि दंड म्हणून माझ्या हाताने अकरा रोडगे भाजले. त्यांपैकी चार जळाले. पाटलांनी जळके तेवढे मागून घेतले आणि म्हणाले, "हे भाजतानाही डोळे मिटले होते वाटते."

यमुनाबाई वांग्यांची पातेली उतरवून माझ्यापाशी येऊन बसल्या. "गुरुजी, खाली दाबायचं म्हंजे पूर्ण पंजा, का नुसती बोटं?" मी दाखवून दिले. त्यांनी श्रीधराच्या मस्तकावर हात ठेवून दोनदा करून पाहिले. "पुढच्या साली मी बसीन मांगं," त्या म्हणाल्या. पाटलांनी भुवया उंचावल्या. बाई नाक्यावर बसल्याचे त्यांनी कधी ऐकले नव्हते. पण तुळशीराम म्हणाला, "बसू द्या, पाटील. चार वर्षं आकडा पाहून बी खोटं हासल्या नाईत त्या. अन् डोळे त त्या देवापुढं बी मिटत नाईत, दिव्याकडं ध्यान असते." मलाही वाटते, ह्या कामास त्याच योग्य. विद्या योग्य हाती गेली.

त्या दिवशी दुसऱ्या एका नाक्यावर एक डुक्कर पडले होते. सूर्यास्ताच्या सुमारास वाटे निघाले. पळसाच्या पानांत बांधलेली गाठोडी घेऊन माणसे गल्लीतून जाऊ लागली. आम्ही ओसरीवर होतो. पावले फाटकापाशी आली. श्रीधराचा जपमाळेवरचा हात थांबला. पावले फाटकावरून पुढे गेली.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "आला?"

यमुनाबाई अंगणात जाऊन निंबाखाली उभ्या राहिल्या. त्यांनी आकडा चाचपून पाहिला, जणू त्यांचाही स्वतःच्या दृष्टीवर विश्वास नव्हता. "नाई आला," त्या म्हणाल्या.

"रिकामा हाये?"

"रिकामा."

"मंग ताटं वाढ," श्रीधर म्हणाला. "लय भूक लागली."

वाचकहो, ज्या परमेश्वराने काहींस दृष्टी दिली आणि काहींस तिच्यावाचून पाहण्याचे बळ दिले, तो तुमच्या घरावर कृपादृष्टी ठेवो. तुमच्या शेतात धान्य राहो, लेकीसुनांच्या हातांस यश राहो, आणि तुमच्या मस्तकावर असा एक हात राहो, की जो योग्य वेळी उचलला जाईल. तो उचलणारा डोळे उघडे ठेवो, एवढे मात्र मी माझ्या अनुभवाने विशेष मागतो. शुभं भवतु.